'अमक्याची बायको, तमक्याची आई' : यादीतून खोडलेल्या २८ लाख जणी

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि वर्षातले काही आठवडे बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) असते. म्हणजे मतदार यादीचे कागद आणि मोबाइलवरचं ॲप घेऊन दारोदार फिरायचं. कोण वारलं, कोण राहायला आलं, कुणाची लेक सासरी गेली, कुणाची सून आली. गल्लीतली कुत्रीसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाहीत.

मागच्या फेरीत एका घरी ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. यादीत त्यांच्या नवऱ्याचं नाव चुकीचं छापलं होतं, ते दुरुस्त करायचं होतं. "आजी, तुमचं नाव?" खणखणीत आवाजात सांगितलं. "आणि यजमानांचं?" गप्प. सून आतून सांगायला निघाली तर तिला हातानेच थांबवलं. मग पदर सावरला, मान जरा तिरकी केली आणि,

मास्तरीणबाई दारी आल्या, हाती घेऊन यादी,
…रावांचं नाव घेते, मत देईन आधी!

अख्खं घर हसलं. मी रकाना भरला, चहा घेतला, पुढच्या घरी गेले.

पण डोक्यातून जाईना. कारण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी गाडी नेमकी उलट्या जागी अडली होती. देशभर याद्या करणारे लोक घरोघर गेले, तर कित्येक ठिकाणी बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. परक्या पुरुषाला बाईमाणसाने नाव कसं सांगायचं? मग यादीत नोंदी पडल्या 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', 'फलाण्याची मुलगी'. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, हे चालणार नाही, मतदाराचं स्वतःचं नाव पाहिजे. याद्या दुरुस्त करायला पुन्हा माणसं पाठवली, बिहारला तर मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी २८ लाख जणींनी नाव दिलं नाही आणि त्यांच्या नोंदी खोडल्या गेल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या.

म्हणजे राज्यघटनेच्या कलम ३२६ ने मत दिलेलं होतं. कुणी अडवायला दारात उभं नव्हतं. अडलं ते नावाच्या रकान्यात.

स्त्री-मताधिकाराचा इतिहास म्हटलं की मोर्चे, काचा फोडणं, तुरुंगातली उपोषणं हेच समोर येतं. मला आता तो इतिहास या रकान्यातून वाचावासा वाटतोय. बाईचं नाव यादीत येतं ते कोण म्हणून? मालकीण म्हणून, कुणाची बायको म्हणून, की नुसतीच ती म्हणून? जाणकारांनी भर घालावी. आणि सेन यांचं बरोबर होतं का, यावर माझं अजून दोन्हीकडे होतंय, त्यावरही लिहा.

रोखठोक बापू

उखाणा झकास. बाकी आपल्याकडे लढा कसला? इंग्लंडच्या बायकांनी तुरुंगात नाकातून नळ्या घालून घेतल्या, तेव्हा कुठे मत मिळालं. आपल्याकडे घटना झाली आणि सगळ्यांना एका दिवसात आयतं ताटात पडलं. आयत्या मिळालेल्याची किंमत नसते, म्हणूनच २८ लाख बायकांना नाव सांगण्याचेही कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत.

मधली सुट्टी

बापू, तुम्हाला तरी कुठे लढून मिळालं? अठरा पूर्ण झाली आणि कार्ड घरी आलं ना? :)

धागा आवडला. जागा राखून ठेवते, रात्री लिहिते.

तळटीप

'आयतं' हा शब्द वाचून खुर्चीत सरसावून बसलो. लांबेल, आधीच माफी.

१८८९ ला मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात पंडिता रमाबाईंसह दहाएक बायका प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. ठरावांवर बोलायची किंवा मत द्यायची मुभा मात्र त्यांना नव्हती. मंडपात खुर्ची मिळाली, एवढंच.

मग १९१७. भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांसाठी लोकांची मतं ऐकत देशभर फिरत होते. मार्गारेट कझिन्स या मद्रासला स्थायिक झालेल्या आयरिश बाई. त्यांनी बायकांचं शिष्टमंडळ भेटवण्यासाठी अर्ज केला, विषय मुख्यतः स्त्रीशिक्षणाचा. उत्तर आलं, फक्त राजकीय मागण्या ऐकल्या जातील. बरं, राजकीय तर राजकीय! अर्जात मताधिकाराची मागणी घातली गेली. सरकारी कारकुनी उत्तरातून एवढी मोठी गोष्ट निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ मद्रासला भेटलं. त्यांच्या निवेदनातली मागणी बघा: मताधिकाराचे नियम कराल तेव्हा बायकांनाही 'जनता' या शब्दात धरा. खडूफळाताई, तुमचा रकाना तिथेच उघडला होता.

१९१८ ला मुंबईच्या खास अधिवेशनात काँग्रेसने पाठिंबा दिला. पण मताधिकाराचे नियम सुचवायला नेमलेली साउथबरो समिती म्हणाली, इथल्या सामाजिक चालीरीती, पडदा वगैरे बघता हे फार लवकर होईल. या 'नाही'नंतर काय झालं ते मराठी वाचकांना माहीत असायला हवं, कारण ती गोष्ट मुंबईची आहे.

मुंबईच्या हेराबाई टाटा १९११ साली मुलीला घेऊन काश्मीरला गेल्या होत्या. श्रीनगरला त्यांना राजकन्या सोफिया दुलीपसिंग भेटली. महाराजा रणजितसिंगांची नात, वाढलेली इंग्लंडात, आणि छातीवर 'बायकांना मत द्या' असा बिल्ला. हेराबाईंनी साहजिकच विचारलं, हे काय? तिथून त्या या कामात ओढल्या गेल्या. १९१९ ला संयुक्त संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला लंडनला जाणाऱ्यांत सरोजिनी नायडू आणि ॲनी बेझंट यांच्याबरोबर हेराबाई आणि त्यांची मुलगी मिठनही होती. मायलेकी तिथे गावोगाव सभांत बोलत हिंडल्या. मिठन तिथेच शिकायला राहिली, बॅरिस्टर होऊन आली, मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली आणि १९४७ ला मुंबईची शेरीफ झाली. मिठन लाम या नावाने ओळखतात ती हीच.

लंडनने काय केलं? निर्णय आपल्या अंगावरून झटकला. १९१९ च्या कायद्याने म्हटलं, प्रांतांच्या कायदेमंडळांना वाटलं तर त्यांनी बायकांवरची आडकाठी काढावी. मग प्रत्येक प्रांतात वेगळी लढाई. १९२१ ला मद्रास आणि मुंबई, मागोमाग इतर. मुंबई इलाख्यात सभा, अर्ज, निवेदनं हे काम लावून धरण्यात रमाबाई रानडे पुढे होत्या, पुण्याच्या सेवासदनच्या त्याच.

बापू, ही तीस-बत्तीस वर्षं ताटात वाढलेली नव्हती.

रोखठोक बापू

माहिती नवीन आहे, मान्य. पण ही सगळी शिकलेल्या, पैसेवाल्या घरांतली मंडळी. १९२१ ला मत कुणाला मिळालं? ज्यांच्या नावावर मालमत्ता होती त्यांना. गावातल्या बाईच्या नावावर काय असायचं? अंगावरचं डोरलं, तेसुद्धा सासरच्यांचं.

तळटीप

हे अगदी बरोबर बोललात, आणि त्यावरच पुढची सगळी भांडणं झाली.

मालमत्तेची अट बाई-पुरुष दोघांना सारखी, म्हणून कागदावर समान. प्रत्यक्षात जमीनजुमला, घर, शेतसारा सगळं पुरुषाच्या नावावर, त्यामुळे स्त्री मतदार नगण्य. मग गोलमेज परिषद आणि मताधिकाराचे नियम ठरवायला नेमलेल्या लोथियन समितीच्या काळात उपाय निघाला. मतदार पुरुषाची बायको किंवा विधवा म्हणून मत द्यायचं. अखिल भारतीय महिला परिषद आणि तिच्या बरोबरीच्या संस्थांनी याला विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, वयात आलेल्या प्रत्येकाला मत द्या, 'बायको' ही कसली पात्रता? ज्यांना लग्न करायचं नाही त्यांनी काय करायचं? तरी १९३५ च्या कायद्यात ती आलीच, जोडीला साक्षरतेची वाट. सुमारे ६० लाख बायका मतदार झाल्या, पुरुष होते २ कोटी ९० लाखांच्या आसपास.

आता १९५१ च्या यादीतल्या 'अमक्याची बायको'कडे परत बघा. बायकांनी लाजून तसं सांगितलं हे खरंच आहे. पण सोळा वर्षांपूर्वी सरकारनेच कायद्यात लिहिलं होतं की बाई मतदार होते ती अमक्याची बायको म्हणून!

खडूफळा

तळटीप, हे वाचून अंगावर काटा आला. हा धागा जुळवायचं मला सुचलंच नव्हतं.

दक्षिण गोलार्ध

मी बरीच वर्षं न्यूझीलंडला आहे, म्हणून थोडं इथलं. १९ सप्टेंबर १८९३ ला इथल्या बायकांना मत मिळालं, सार्वभौम म्हणता येईल अशा देशांत पहिल्यांदा (वसाहत होती, वाद घालणारे घालतात, घालू द्या). इथल्या मूळच्या माओरी बायकांनाही त्याच वेळी मिळालं.

वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तो मूळ अर्ज ठेवलाय. खोली मुद्दाम अंधारी ठेवतात, कागद उजेडाने खराब होऊ नये म्हणून. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, मग काचेखाली ती गुंडाळी दिसते. देशभरातून आलेले सह्यांचे ताव केट शेपर्ड यांनी एकाखाली एक चिकटवले आणि केरसुणीच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळले. लांबी २७० मीटर. सगळे अर्ज मिळून सह्या ३२,००० च्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या प्रौढ युरोपीय वंशाच्या बायकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. सर जॉन हॉल नावाच्या सभासदाने सभागृहात ती गुंडाळी मधल्या वाटेवर सोडून दिली. ती उलगडत गेली आणि दांडा पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटला.

त्या सह्या मी बराच वेळ बघत उभी होते. काही वळणदार, काही पेन्सिलने, काही अशा की हाताला लिहायची सवय नाही हे दिसतं. नाव आणि पुढे पत्ता. ताईंच्या रकान्याच्या हिशेबाने इथे ३२,००० जणींनी स्वतःच्या हाताने रकाना भरला.

एक मजा सांगते. वरच्या सभागृहात ठराव पडावा म्हणून पंतप्रधान सेडन यांनी तार करून एका सभासदाचं मत फिरवायला लावलं. ही लुडबुड बघून दोन विरोधकच चिडले आणि त्यांनी बायकांच्या बाजूने मत टाकलं. २० विरुद्ध १८. पंतप्रधान गप्प बसते तर कदाचित पडलाच असता.

निवडणुकीला उभं राहायचा हक्क मात्र १९१९ ला आला आणि पहिली स्त्री खासदार १९३३ ला. आता दहा डॉलरच्या नोटेवर शेपर्डबाई आहेत, शेजारी पांढरी कॅमेलिया. पाठिंबा देणाऱ्या सभासदांना बायका तेच फूल कोटाला लावायला द्यायच्या.

निवृत्त कारकून

चर्चा वाचून राहवले नाही. निवडणुकीच्या कामात माझी उभी हयात गेली. माझे वडीलही १९५२ साली मतदान केंद्रावर होते. त्यांच्याकडून ऐकलेले लिहितो.

तेव्हा एका मतपत्रिकेवर सगळे उमेदवार नसत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. वडील सांगत, बायकांच्या रांगेत सकाळपासून गर्दी, डोक्यावर पदर, कडेवर पोरे. आत गेलेली बाई लवकर बाहेर येईना म्हणून बघावे तर ती पेटीला हात जोडून उभी.

सुकुमार सेन यांच्याविषयी. भावना बाजूला ठेवून टेबलापलीकडून पाहा. यादीत लिहिले आहे, 'गणपतची बायको'. समोर पदर घेतलेली बाई उभी आहे. ती गणपतचीच बायको कशावरून? गावात गणपत चार. एका गणपतच्या बायका दोन. ओळखपत्र हा प्रकार अस्तित्वातच नव्हता. आक्षेप आला तर केंद्राध्यक्षाने काय करायचे? नाव विचारायचे, तर नाव यादीत नाही! शिवाय 'अमक्याची बायको' ही नोंद एकदा चालवून घेतली असती तर पुढची पन्नास वर्षे तीच चालली असती. आमच्या खात्यात तात्पुरते असे काही नसते, हे अनुभवाने सांगतो. सेन यांनी कठोरपणा केला तो योग्यच केला.

मधली सुट्टी

काका, टेबलापलीकडून तुमचं पटतं. टेबलाअलीकडून नाही पटत. त्या २८ लाख जणींना एक प्रश्न विचारायला गेला कोण? पुरुष. बाई पाठवली असती तर? खडूफळाताईंना त्या आजींनी उखाणा घेतला, एखाद्या तलाठ्याला घेतला असता का?

रात्री लिहिते म्हटलं होतं, ते आता.

यादी आणि नाव यावरून दोन गोष्टी. पोर्तुगालमध्ये १९११ ला कायदा होता, मतदार म्हणजे एकवीस वर्षांवरचा, लिहितावाचता येणारा किंवा कुटुंबप्रमुख असलेला नागरिक. 'पुरुष' असं लिहायचं राहून गेलं, त्यात काय लिहायचं असं वाटलं असेल. कॅरोलिना बियात्रिस आंजेलो ही डॉक्टर बाई, नवरा वारलेला, पदरी मुलगी. ती म्हणाली, मी शिकलेली आहे आणि घरची प्रमुखही मीच, घाला माझं नाव यादीत. नकार आला तर कोर्टात गेली, जिंकली आणि मत देऊन आली. सरकारने काय केलं असेल? १९१३ ला कायदा बदलून 'पुरुष' शब्द घातला. आपल्याकडे विधवा म्हणजे अर्धं नाव पुसलेली बाई, तिथे नवरा नाही म्हणूनच हिचं नाव लागलं.

दुसरी गोष्ट तळटीप यांच्या सोफियाची. १९११ ला इंग्लंडमध्ये जनगणना होती. चळवळीतल्या बायकांनी ठरवलं, मतदार म्हणून आमची गणती नाही, तर शिरगणतीतही नको. सोफियाने फॉर्मवर आडवं लिहून टाकलं की बायका मोजल्या जात नाहीत, म्हणून त्या मोजून घ्यायला नकार देताहेत. एमिली डेव्हिसनने त्याहून कडी केली. त्या रात्री ती पार्लमेंटच्या इमारतीतल्या एका फडताळात लपून बसली, म्हणजे त्या रात्रीचा पत्ता म्हणून 'हाउस ऑफ कॉमन्स' लागावं. आणि लागला! दोन वर्षांनी एप्समच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी वारली, ती हीच.

एकीकडे नाव लावून घ्यायला कोर्टात जाणारी, एकीकडे नाव लावू न देणारी. आपल्या २८ लाख जणींनीही नाव दिलं नाही, पण कारण किती वेगळं.

रोखठोक बापू

फडताळाची गोष्ट भारी आहे. आयतं हा शब्द मागे घेतो. अर्धा.

अर्धा का, ते सांगतो. १९३५ च्या कायद्यात पुरुष मतदारही तीनच कोटी होते ना? म्हणजे माझ्या आजोबांनाही तेव्हा मत नव्हतं. कुळाने जमीन कसणारा माणूस, कर भरायचा तो खंडाचा मालक. १९५२ ला आजी आणि आजोबा दोघं एकाच दिवशी पहिल्यांदा मतदार झाले. हे इंग्लंड-अमेरिकेत झालं नाही. फ्रान्समध्ये पुरुषांना १८४८ ला, बायकांना १९४४ ला. शंभर वर्षांचा फरक. मग आपल्या बायकांचा वेगळा लढा कसा म्हणायचा? गरीब पुरुष आणि बायका एकाच दाराबाहेर उभे होते.

तळटीप

बापू, हा मुद्दा धाग्यातला सगळ्यात चांगला. आणि ते दार एकदमच उघडा असं स्पष्ट म्हणणारी माणसंही होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ ला सायमन आयोगापुढे मागणी केली ती २१ वर्षांवरच्या सर्व स्त्री-पुरुषांना मत द्या अशीच. मालमत्तेची अट काढली की दलितही आत येतात, मजूरही आणि बायकाही. महिला परिषदेचा हट्टही शेवटी तोच होता. 'बायको' म्हणून वेगळी खिडकी नको, एकच दार हवं. १९३१ ला कराचीच्या काँग्रेस ठरावात प्रौढ मताधिकार आला, आणि घटना समितीत हंसा मेहता, दुर्गाबाई देशमुख, दाक्षायणी वेलायुधन अशा बायका प्रत्यक्ष बसलेल्या होत्या.

एक पुरवणी. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत नागपूरहून अनसूयाबाई काळे, दक्षिण पुण्यातून इंदिरा मायदेव आणि मुंबई उपनगरातून जयश्री रायजी निवडून गेल्या. २८ लाख खोडल्या गेल्या त्याच निवडणुकीत.

सौ कुठली

वाचनमात्र होते, पण प्रश्न आहे. लग्नानंतर मी नाव बदललेलं नाही. नव्या पत्त्यावर नाव हलवायचं आहे. 'पतीचे नाव' न देता माहेरचंच नाव आणि वडिलांचं नाव ठेवता येतं का? आमच्या इथे एकाने सांगितलं लग्नाचं प्रमाणपत्र आणा, नाव बदला, मगच होईल.

खडूफळा

@सौ कुठली : चुकीचं सांगितलंय. स्थलांतरासाठी फॉर्म ८ भरा, ऑनलाइनही होतो. नवीन पत्त्याचा पुरावा लागतो, नाव बदलायची सक्ती नाही. नात्याच्या रकान्यात वडील, आई, पती असे पर्याय असतात. वडिलांचं आहे ते राहू द्या. तुमच्या भागातल्या बीएलओला भेटा, आणि ती बिचारी दुपारी शाळेत असते हे लक्षात ठेवून भेटा.

@कारकून काका : तुमचं वाचल्यावर मी जरा सेन यांच्या बाजूला झुकले होते, मधली सुट्टीने परत मागे ओढलं. मला वाटतं नियम बरोबर होता आणि तो राबवायला गेलेला माणूस चुकीचा होता. आज फिरताना कळतं. पुरुष बीएलओ सोबत असला की बायका दाराआडून बोलतात.

निवृत्त कारकून

मान्य आहे. त्या काळी शिकलेल्या बायका सरकारी कामाला किती मिळाल्या असत्या हा प्रश्न उरतोच, परंतु मुद्दा मान्य. १९५७ पर्यंत बहुसंख्य नावे यादीत आली, हेही नोंदवतो.

अवांतर : स्वित्झर्लंडात १९५९ ला सार्वमत घेऊन पुरुषांनी बायकांना मत नाकारले आणि १९७१ ला दिले, हे मला नोकरीत असताना एका प्रशिक्षणात समजले, तेव्हा खोटे वाटले होते. आम्ही त्या वेळी बायकांच्या रांगांसाठी मंडप बांधत होतो.

मधली सुट्टी

त्यांच्या ॲपेनझेल इनररोडन परगण्यात तर १९९० उजाडलं, तेही कोर्टाने हुकूम काढला म्हणून. तिथे चौकात जमून हात वर करून मतदान. पुरुषाने मतदार असल्याची खूण म्हणून कमरेला तलवार लावायची, आजही चालतं. बायकांना साधं कार्ड. काका, तुमच्या ओळखीच्या प्रश्नाला हे उत्तर कसं वाटतं?

निवृत्त कारकून

तलवारीची झेरॉक्स जोडावी लागली असती.

आडवाट

उशिरा आले. सगळं दोनदा वाचलं.

माझी पणजी १९५२ ला मत द्यायला गेली होती असं घरात सांगतात. बैलगाडीतून, आणखी चौघींबरोबर, लुगडं नवं नेसून. परत आल्यावर बोटावरची शाई दिवसभर कुणाकुणाला दाखवली आणि रात्री भाकरी थापताना हात परातीत घालू की नको म्हणून अडून बसली. शाई पिठात उतरली तर? शेवटी सासूने थापल्या. घरात हा किस्सा अजून निघतो, सासूने सुनेला भाकऱ्या करून घातल्याचा एकमेव दिवस म्हणून.

म्हणजे तिचं नाव यादीत होतं, ती त्या २८ लाखांतली नव्हती.

मधली सुट्टी

काय सुंदर! नाव काय हो पणजीचं? लिहा की इथे. की तुमच्या धाग्यातही ती 'आडवाटची पणजी'च राहणार? (गंमत करतेय.)

आडवाट

गंमत बरोबर लागली. लिहिताना लक्षातच आलं नव्हतं. आईला विचारून सांगते.

तळटीप

तोवर एक : १९५२ च्या जुन्या याद्या काही ठिकाणी जपलेल्या असतात. गाव आणि तालुका माहीत असेल तर शोधता येईल.

आडवाट

आईला विचारलं. सासरचं नाव तिला माहीत आहे, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं ते. पण तिचं म्हणणं, "ते नाव तिला आवडायचं नाही, माहेरचं लिही." माहेरचं आईला ठाऊक नाही. मग मामाला फोन केला. तो म्हणाला, पणजीच्या धाकट्या भावाची मुलगी आहे, तिला माहीत असेल. त्या मावशी नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं. दोनदा ओरडून विचारलं.

म्हणाल्या, "आम्ही आक्का म्हणायचो."

त्यांच्या वडिलांनाही विचारलं असतं तरी तेच म्हणाले असते म्हणे. थोरली बहीण, कुणी नावाने हाक मारलीच नाही.

यादी शोधते, तळटीप. पण तीत सासरचंच असणार ना?

खडूफळा

हो. सासरचंच असणार.